दोन मिलिवॅट

तळघरातले दिवे मालवून बसतो आम्ही.
वर कोव्हिल्यांच्या चढावर लोकरीच्या गिरणीची थंड चिमणी,
खाली मी, अमादेउ आणि रामन.
यंत्राला इथे सगळे नुसतं रामनच म्हणतात,
वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं:
आज रामनचं डोकं ठिकाणावर आहे का?
अमादेउ सिलिकॉनचा तुकडा ठेवून बघतो.
पाचशे वीस पूर्णांक सात.
आहे.

मग काच. तिच्यावर वोल्फ्राम ऑक्साइडचा थर,
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ,
वर पॅलेडियमची भुरभुर.
हायड्रोजन लागला की निळी होते.
गिऱ्हाइकाला तेवढंच हवंय:
गळती झाली, निळं झालं, पळा.

मला त्याच्या आधीचं हवंय.
कुठला बंध पहिल्यांदा सैल पडला?
आठशे सात आणि सातशे पंधरा,
कोरड्या हवेत ही दोन शिखरं ताठ उभी असतात.
वायू येतो आणि ती खचत जातात,
कुठलाही आवाज न करता,
डोळ्याला निळं दिसायच्या कितीतरी आधी.

मंगळवारी नळ बंद होता.
वायूचा लवलेश नाही,
आणि भिंगाखाली एक निळा ठिपका,
नेमका आमचा हिरवा किरण पडत होता तिथेच.
आम्हीच केला होता तो.
विचारून विचारून.
तीन आठवड्यांची मोजणी केराच्या टोपलीत.
अमादेउने आजीसमोर देता येणार नाही अशी शिवी दिली.

बाबा एकोणीस वर्षं वोल्फ्रामच्या खाणीत होते.
आई दर रविवारी, दिवा त्यांच्या तोंडासमोर धरल्यासारखी:
डॉक्टर काय म्हणाले? फोटोत काय आलं?
खरं सांगा, बेल्मिरु, खरं सांगा.
ते काळेनिळे पडत जायचे
आणि आम्हाला वाटायचं, लपवताहेत.
एकदा नोव्हेंबरात वीज गेली.
आम्ही दोघं चुलीपाशी चेस्टनट सोलत बसलो होतो,
मी काहीच विचारलं नव्हतं.
ते म्हणाले, डावीकडचं सगळं गेलंय.
आणि पुढचा चेस्टनट माझ्या हातात दिला.

आता गाळणी लावून
दोन मिलिवॅटचे शून्य पूर्णांक दोन केलेत.
दहा सेकंदांऐवजी दहा मिनिटं.
पडद्यावर नुसतं गवत हलत राहतं.
मध्येच अवकाशातून भरकटलेला एखादा कण
कॅमेऱ्यावर खोटा सुळका उभा करतो,
तो खोडायचा, परत बसायचं.
सातव्या मिनिटाला गवताखालून
उंचवटा वर येतो, आठशे सातच्या आसपास,
अजून शिखर म्हणावं असा नाही.

अमादेउने श्वास धरलाय.
त्याला खोकला आलाय, टेबल हलेल म्हणून
तोंडावर बाही दाबून लाल झालाय.
खोक रे, मी म्हणते.
हलू दे. पुन्हा घेऊ.