पायडल

पत्र भरतेशच्या नावानं आलं,
गाडीचे कागद त्याच्या नावावर आहेत म्हणून.
फोडलं मी. कातरीनं, एका कडेनं, सरळ.

"आपल्या वाहनातील ॲक्सिलरेटर पेडल
काही परिस्थितीत दाबलेल्या अवस्थेतून
पूर्ववत न येण्याची शक्यता आहे.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

गैरसोय म्हणजे
दोन वर्षांमागचा फेब्रुवारी, सांगलीचं मार्केट यार्ड, सौदे चाललेले,
मी पाय उचलला
आणि गाडीनं तो उचललाय असं मानलंच नाही.
कोठारी शेठच्या गाळ्यापुढची थप्पी,
अकरा पोती राजापुरी हळकुंडं रस्त्यावर.
काच पिवळी, बॉनेट पिवळं, माझ्या दातांच्या फटी पिवळ्या.
हमालांनी दार ओढून मला बाहेर काढलं.
एक जण म्हणाला,
काकूंना या वयात दुसऱ्यांदा हळद लागली.
सगळे हसले. मीही हसले.
मग कळलं, पोत्यांखाली तातोबाचा पाय आहे.

भरतेश रागावला नाही. तेच वाईट.
"आई, ब्रेक समजून दुसरंच दाबलंस गं,"
इतक्या मऊ आवाजात म्हणाला, आणि किल्ली
कपाटावर ठेवली, स्टुलाशिवाय माझा हात पोचत नाही तिथं.

या पायाखाली एकतीस वर्षं मशीनचं पायडल आहे.
विश्रामबागेतल्या कितीतरी नवऱ्या या टाचेनं सजवल्या.
सुई नखापाशी आली की
पाय आधी थांबतो, मला मागाहून कळतं.
त्या पायाला सगळ्यांनी सांगितलं, तू चुकलास.
त्यानं ऐकून घेतलं.
तेव्हापासून मशीन थांबवताना
मी चाकावर हातही ठेवते.
टाके जरा वाकडे येतात. गिऱ्हाईक बोलत नाही.

मिरज रस्त्यावरच्या वर्कशॉपात
नदाफांच्या समीरनं वीस मिनिटांत काम उरकलं.
बिल शून्य. शून्यावर सही घेतली.
जुनं मला दे, म्हटलं.
"नाही काकू, मोजून कंपनीला परत जातं."
मग नुसतं हातात तरी दे.

काळं, प्लास्टिकचं, माझ्या कातरीपेक्षा हलकं.
अंगठ्यानं दाबलं. परत आलं.
पुन्हा दाबलं. आलं.
चौथ्यांदाही आलं, शहाण्या पोरासारखं.
समीर म्हणाला, "कधीतरीच अडकतं.
म्हणून तर कुणाला सापडत नाही."

पत्र घेऊन तातोबाकडं गेले.
दर दिवाळीला त्याच्या नातीला फ्रॉक शिवून नेते,
मापं न घेता, अंदाजानं,
कारण दारात फार वेळ थांबवत नाही.
आज आत गेले. वाचून दाखवलं, दोनदा.
तो तक्क्याला टेकून ऐकत होता,
वाकडा पाय उन्हात.
"म्हंजी तुमचा पाय बराबर हुता."
हो, म्हटलं.
तो बराच वेळ आपल्या घोट्याकडं बघत राहिला.
"ह्येचं पत्र कवा येतंय मग?"

टेप पिशवीतच होती.
पोरगी समोर येऊन हात पसरून उभी राहिली,
तिला वाटलं, मापं घ्यायला आलेय.
घेतली.
छाती चोवीस, उंची सव्वीस.
दोन वर्षांत बरीच वाढली होती,
आणि माझे अंदाज सगळे आखूड.