वरची बोली

क्लातेनच्या इस्पितळात, पहाटे,
बापाने डोळे उघडले आणि मला विचारलं,
"आपण कधी आलात?"
मी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय.

आमच्या जावा भाषेला पायऱ्या आहेत.
खालची बोली पोरांना, दोस्तांना, बैलांना, रागाला.
वरची सासऱ्याला, पाहुण्यांना
आणि ज्यांची भीती वाटते त्यांना.
वरच्या बोलीत भाताचं नाव वेगळं,
झोपेचं वेगळं, घराचंही वेगळं.
भिंती त्याच.

बाप साखर कारखान्यात काट्यावर कारकून.
एकतीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या,
आणि समोरच्यापुढे शब्द किती वाकवायचा, तेही.
घरी आला की टोपीबरोबर ती बोली खुंटीला.
मग मी गाढव.
"पाना कुठे टाकलास, गाढवा?"
एवढ्यावर माझं चाळीस वर्षं भागलं.

झटक्याने उजवी बाजू नेली,
आणि खालची बोली नेली.
डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी.
दुधाबरोबर आलेली गेली,
छडीबरोबर आलेली राहिली.

आता तो शेळीला म्हणतो, आपण पाला घ्यावा.
नळाला म्हणतो, आपण थांबावं.
आईने त्रेपन्न वर्षं त्याला 'आपण' म्हटलं
आणि बदल्यात 'तू' घेतलं, बिनतक्रार.
परवा तो तिला म्हणाला, "आपण दमलात."
ती मागच्या दारी गेली
आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.
आवाज बराच वेळ येत होता.

शेजारचे विग्न्यो म्हणाले, आजाराने माणूस किती सुसंस्कृत झाला.
मी मान हलवली. दुसरं काय करणार,
मानेलाही तेच वळण.

एकदा मी मुद्दाम
बारा नंबरचा पाना त्याच्या पायाशी पाडला.
फरशीचा टवका उडाला.
वाट पाहिली.
"आपल्याला लागलं तर नाही ना?"

लारास चार वर्षांची.
अशा पोरांना आमच्याकडे म्हणतात:
अजून जावा झाली नाही.
जन्माने कुणी जावा नसतो इथे,
तांदळासारखं शिजावं लागतं.
ती आजोबाच्या पायांवरून उडी मारून जाते,
मोठ्यांपुढून जाताना वाकत नाही.
"ए आजोबा, सरक!"
बायकोने लगेच तिच्या कोपराला चिमटा काढला.
माझ्याही कोपराला ती जागा आहे.
बाप मात्र हसला,
उजवं गाल जागेवर ठेवून, डाव्याने.

त्याचा उजवा हात मांडीवर पडून असतो.
द्यायचं ते उजव्या हाताने, हा नियम.
म्हणून डाव्याने उकडलेले शेंगदाणे देताना
तो दर वेळी माफी मागतो,
एकेका शेंगेला एकेक माफी,
दुपारभर.

एका संध्याकाळी मीही डावा हात पुढे केला.
त्याने हाताकडे पाहिलं.
काट्यावर गाडी चढल्यावर पाहायचा तसं,
सुई स्थिर होईपर्यंत.
मग शेंगा ठेवल्या.
काही बोलला नाही.

मंगळवारी बालवाडीच्या बाईंनी मला बोलावलं.
लारासने वही डाव्या हाताने दिली,
सांगूनही.
मी वाकलो, सगळ्यात वरच्या बोलीत क्षमा मागितली,
इतकी अस्सल की बाईच लाजल्या.

परतताना ती मोटरसायकलवर पुढे बसलेली.
का गं असं केलंस?
"आजोबा असंच देतो."

माझी बोटं आपोआप
तिच्या कोपराकडे निघाली.
सिग्नल लाल झाला होता.
बोटं ब्रेकवर ठेवली.