पाचपैकी अडीच

परीक्षण आलं रविवारी.
'खाजण'चा नववा अल्बम, पाचपैकी अडीच तारे.
"पस्तीस वर्षांत प्रयोगाचीच सवय जडलेली माणसं"
हे वाक्य मला आवडलं, खरं सांगायचं तर.
बायकोला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, अर्धा कशाचा कापला?

पुढे लिहिलंय, चौथ्या तुकड्यात ताल सुटतो,
ड्रम्स मागे राहतात.

मढवीचा डावा हात
गेल्या वर्षापासून उशिरा पोचतो.
रबाळ्याच्या शेडमध्ये, पलीकडे पत्रा कापायचं मशीन चालू,
आम्ही ठरवलं, येऊ द्यायचं हाताला.
मी बेस मागे ओढला. हेमलताने श्वास.
चाळीस रात्री गेल्या
सगळ्यांना सारखाच उशीर व्हायला.

आज तालमीला मढवी कात्रण घेऊन आला,
ऐरोलीहून, सुनेच्या स्कूटरवर मागे बसून.
ती ओळ निळ्या पेनाने अधोरेखित, रेघ जरा वाकडी.
"म्हणजे," त्याने विचारलं,
"ऐकू आलं ना त्यांना?"

मी वायर गुंडाळायला घेतली होती,
ती पुन्हा सोडली.
त्याने स्टिक्स उचलल्या,
उजवी पडली,
आणि आम्ही सगळे
थांबलो.