मागचा पत्रा

तपासणीवाल्याने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला,
दाबलाही नाही,
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
"ही गाडी," तो म्हणाला, "रंगाच्या भरवशावर उभी आहे."

उसीकाउपुंकीच्या रस्त्यांवर नोव्हेंबरपासून मीठ पडतं.
बावन्न हिवाळ्यांचं मीठ
माझ्या साबच्या डिकीखाली, टेललाइटांच्या मागे
मुकाट जेवत बसलं होतं.

पत्रा मिळाला राउमाच्या एका म्हाताऱ्याच्या कोठारात,
तेल चोपडून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कागदावर हॉकीचा निकाल, बटाट्यांचे भाव.
नवा म्हणजे काय, न वापरलेला.
वय त्याचंही तेवढंच.

बसवायला दोन माणसं लागतात,
एक बाहेर, एक डिकीत वाकून.
म्हणून तार्मोला फोन केला.
भाऊ माझा. आईचं घर विकल्यापासून सहा वर्षं
आमच्यात शब्द नव्हता, वकिलाचं टपाल होतं.
"वेल्डर आणतो," म्हणाला, आणि ठेवला.

जुन्या वेल्डचे ठिपके मी खडूने खुणावले. एकाहत्तर.
तो एकेक कोरत गेला,
वरचा पत्रा सुटावा, खालच्याला ओरखडाही नको.
त्याला हात लागतो.
घर विकताना तो हात नव्हता आमच्याकडे,
दोघांकडेही.

कोपऱ्यातलं वाळकं सीलर खरवडताना
त्यात एक बोट सापडलं.
म्हणजे बोटाचा ठसा, रेषांसकट,
बाहत्तर साली कुणीतरी सांध्यावरून फिरवलेलं.
आई त्याच कारखान्यात होती,
पण ती सीटा शिवायची.
"तिचं नाही," तार्मो म्हणाला.
मी कुठे म्हटलं होतं?
तरी तो तुकडा त्याने कचऱ्यात टाकला नाही,
खिडकीत ठेवला, खिळ्यांच्या डबीशेजारी.

मग दुपारभर आम्ही मिलिमीटरमध्ये बोललो.
वर.
थोडं वर.
डावीकडे तीन, तुझ्याकडे?
पाच.
झाकण लावून बघ. काढ. चिमटा सैल कर.
आता?
चार.
इकडेही चार.
एवढं एकमत आमच्यात
आईच्या दफनाच्या फुलांवरही झालं नव्हतं.

कडांना जस्ताचा प्रायमर, मग ठिणग्या.
सलग टाके घातले की पत्रा रुसतो, लाटा धरतो,
म्हणून एक इथे, एक पार तिकडे, मग थांबायचं.
"किती थांबायचं?"
"हात लावता येईल इतकं."

संध्याकाळी हीटर लावून सीलर भरलं.
थंडीत ते धरत नाही.
मी हातमोजा काढला आणि बोटानेच फिरवत गेले,
टेललाइटच्या कडेने, फरशीच्या सांध्यातून,
दिसेल ती फट बुजवत. बुजवायला मला आवडतं.
तळाच्या एका भोकाशी पोचले
तेव्हा त्याने मनगट धरलं.
"ते नको."
"का?"
"पाणी येणारच. कितीही लिंप.
त्याला जायला जागा ठेव."
तो गाडीबद्दल बोलत होता.
तार्मो नेहमी गाडीबद्दलच बोलतो.

पुढच्या शनिवारी रंग दिला. जुळला नाही.
मागून गाडी आता एक छटा अधिक हिरवी दिसते,
कुणी उसनी टोपी घातल्यासारखी.

तो न बोलावता आला होता.
मी डिकीच्या तळात तांब्याभर पाणी ओतलं,
आणि आम्ही दोघं, साठीच्या अलीकडे-पलीकडे,
गॅरेजच्या थंड जमिनीवर गुडघे टेकून खाली बघत राहिलो.
बराच वेळ काही नाही.
मग त्या भोकाच्या ओठाशी एक थेंब फुगला,
लोंबला,
पडला.
मग धार झाली, आणि शेवटी पुन्हा थेंब.

"अकरा," मी म्हणाले, शेवटचे मोजून.
"बारा," तो.