मंगळवार

अठ्ठावीस वर्षं निबाल्दो पाण्याचे मीटर वाचत हिंडला.
त्याच्या बुटांचा वास ठाऊक नाही
असं एक कुत्रं वाल्दिव्हियात सापडायचं नाही.
मग एका सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना,
डोक्यातलीच एक नळी तुंबली.
(तो मीटर कुणी वाचलाच नव्हता.)

उजवा हात गेला. उजवा पाय फरपटत मागे यायचा.
शब्द सगळे गेले, एक सोडून:
मंगळवार.
भूक लागली, मंगळवार.
खिडकी लाव, मंगळवार.
रात्री तीनला माझा दंड घट्ट धरून नुसतं
मंगळवार, मंगळवार.
चाळीस वर्षांचा संसार, मला कळायचं.
नाही कळलं तरी उठायचे.

लोक भेटायला यायचे आणि मोठ्यांदा बोलायचे,
जणू गेले ते त्याचे कान.
तो शेगडीकडे तोंड करून बसायचा,
लाकडाची राख होईस्तोवर.

व्यायाम घेणारी यास्ना म्हणाली, होडीत बसवू.
मी म्हटलं, बाई,
न्हाणीघराचा उंबरा ओलांडताना घाम फुटतो याला,
आणि तू नदीत घालतेस?

होडी म्हणजे काय, दोन्ही अंगांना फुगे लावलेली,
कलंडायची सोय नाही.
टेकायला पाठ, छातीवर पट्टा,
आणि उजवी मूठ वल्ह्याला बांधून ठेवणारा हातमोजा.
काये-कायेच्या पाण्यात ढकलली.
डावा हात ओढतोय, उजवा नुसता सोबतीला,
होडी आपली गोल, गोल, गोल.
मासळीबाजाराच्या धक्क्यावर लोळणाऱ्या समुद्रसिंहांनी
माना वर करून पाहिलं,
आणि निबाल्दो हसला.
तोंडाची एकच बाजू हसली,
पण वर्षभरात पहिल्यांदाच
मी दुसरीकडे बघायला विसरले.

पुढे त्याच्या जोडीला मारित्सा आली.
तिलाही असाच झटका. तिला डावीकडचं जग दिसत नाही.
ताटातले त्या बाजूचे बटाटे तसेच राहतात,
ओठांना लाली लावते ती अर्ध्याच.
दोघं एका होडीत, जायचंय तिकडे पाठ करून.
या खेळाची रीतच तशी:
दिसतं ते मागे पडलेलं.
खरं सांगू? मला जरा लागलं.
बुटाच्या नाड्या मी बांधायच्या,
आणि ताल धरायचा मारित्साबरोबर.

मे महिना, पानगळ, नदीवर धुकं.
यास्नाचा घसा बसला होता, मोजता मोजता ती थांबली.
आणि धुक्यातून आवाज आला:
एक. दोन. तीन.
नाकातला, कंटाळलेला, मीटर वाचतानाचाच आवाज.
एकोणचाळीस. चाळीस.
काठावर मी, हातात थर्मास, झाकण उघडं.
एकशे बाराला मारित्सा रडायला लागली,
तो थांबला नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडे, शिव्या आणि प्रार्थना
मेंदू वेगळ्या फडताळात ठेवतो.
शिव्या पुढच्या आठवड्यात आल्या.
प्रार्थनेची अजून वाट बघतोय.

डिसेंबरात शर्यत. सहा होड्या, हे पाचवे.
सहाव्यांचं वल्हं मोडलं होतं.
तरी त्याने त्या रात्री दोन ताटं जेवण केलं
आणि सुरईतली वाइन स्वतः ओतली,
थोडी मेजावर.

हात परत आला नाही. खोटं कशाला बोलू.
जिना अजून मीच चढवते,
आणि कधी कधी शेगडीसमोरचा तो माणूसही परततो,
एखाद्या दुपारी, न सांगता.
पण तेल लावताना परवा अंगठ्याखाली काहीतरी लागलं,
उजव्या तळव्यावर, ज्याला टाचणी टोचली तरी कळत नाही:
घट्टा. टणक, पिवळसर,
काम करणाऱ्या माणसाचा.
मी तो दाबून पाहिला, दोनदा.
त्याला पत्ता नाही.

शुक्रवारी रात्री तो बूट दाराशी मांडून ठेवतो,
डाव्या हाताने, टोकं नदीकडे,
आणि मला बजावतो:
मंगळवार.
हो रे बाबा, म्हणते मी,
उद्या शनिवार. माहीत आहे.