जांभळ्याचं पिवळं होईपर्यंत

रात्री अडीचला बापाकच्या अंगठ्यात
कुणीतरी काच कुटायला बसतं.
चादरीची शिवण सहन होत नाही त्याला,
पंख्याचा वारा लागला तरी कळवळतो.
आई कूस न बदलता म्हणते,
"खा अजून. लग्नात मूठमूठ एम्पिंग खाल्लंत, लोकांदेखत."

बापाक क्रिस उजळतो. सोलोत त्याला त्यासाठीच ओळखतात.
सुरो महिना लागला की माणसं पणजोबांची पाती
मलमलीत गुंडाळून आणतात,
तो लिंबाच्या रसाने गंज उतरवतो
आणि पोलादातली नक्षी वर येते
गढूळ तळ्यातल्या माशासारखी, आधी फक्त पाठ.
या वर्षी पाती भिंतीला टेकून उभी आहेत,
हा खुर्चीत, पाय उशीवर.
"गंज माझ्यातच शिरला," म्हणतो.
मी म्हणते, गंज नाही, स्फटिक. सुईसारखे.
"बरं," म्हणतो. "सुईला पण गंज चढतो."

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं म्हणतात.
आमच्याकडे आलं ते एका अंगठ्याने.

मी प्रयोगशाळेत पाल्याचा अर्क काढते.
सलामची पानं, मांजराच्या मिशांसारखी फुलं येणारं ते झुडूप,
सगळं वागियेम मावशीच्या टोपलीतलं.
ती पहाटे पाठीवर सात बाटल्या जामू घेऊन फिरते.
एकदा आत आली, गरगर फिरणारा काचेचा चंबू बघत राहिली,
मग म्हणाली, "म्हणजे आमचंच उकळणं,
फक्त तुमच्या भांड्याला चक्कर आलीय."

जांभळ्या द्रावणात अर्काचा थेंब सोडायचा
आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं.
जांभळं विटतं, पिवळसर होतं.
किती विटलं ते यंत्र सांगतं,
मी वहीत आकडा लिहिते,
आणि दर वेळी उगाच एक श्वास सोडते.

चौदा नंबरच्या उंदराचं आम्ल उतरलं.
पंधराचं नाही.
सोळा मेला, का ते कळलं नाही.

एका जुन्या वहीत मीच लिहून ठेवलंय :
हेच आम्ल रक्तात विरघळलेलं असतं
तोवर गंजाशी लढतं.
राखणदारच ते. फार झाले
आणि वेशीवर बसून काचेचे झाले.
हे बापाकला अजून सांगितलं नाही.
त्याला राखणदारांची कीव येईल.

"मला दे की थोडा," काल म्हणाला.
नाही म्हटलं. मात्रा माहीत नाही,
डॉक्टरांची पांढरी गोळी चुकवू नका.
"उंदराला देतेस, बापाला नाही," आणि हसला,
हसताना पाय हलला,
आणि हसू तोंडातच राहिलं.

आज सूज जरा ओसरली.
मांडीवर एक पातं घेऊन बसलाय.
माझ्या बोटावरचा जांभळा डाग दिसला त्याला.
हात ओढून घेतला, लिंबू चिरलं, चोळलं,
डोळे बारीक करून उजेडात धरलं.
डाग तसाच.

"वेळ लागेल," म्हणाला,
गिऱ्हाइकाला सांगतो त्या आवाजात.
"सुरो संपल्यावर या."