काही होत नाही

दर तीन महिन्यांनी अपोंडी येते,
बोटांना ओमेनाचा वास, टाचांना सरोवराची रेती,
आणि माझ्या टेबलावर रिकामी बाटली ठेवते.
बघ, एकही गोळी शिल्लक नाही,
शाळकरी मुलीनं पाटी दाखवावी तशी.

मी बोट टोचते. पट्टीवर एकच रेघ उमटते.
दोघी ती रेघ उगाच जास्त वेळ बघत राहतो.

मग माझे जुने प्रश्न.
जळजळ? नाही.
अंगावरून जातं? नाही.
ओटीपोटात दुखतं? नाही गं सिस्टर,
मला काही होत नाही.

सहा वर्षं मी या 'नाही'पुढे बरोबरची खूण केली
आणि पुढचीला हाक मारली.
तक्ताच तसा होता. दुखेल त्याला औषध.
न दुखणाऱ्यांसाठी त्यात रकाना नव्हता.

या जूनमध्ये होमा बेहून यंत्र आलं,
पावाच्या डब्याएवढं,
सोबत चाळीस नळ्या, चाळीस काड्या.
पुरणार नाहीत हे मोजण्याआधीच कळलं होतं,
तरी मी दोनदा मोजल्या.

पडद्यामागे ती एकटी गेली.
काडी कशी धरायची, कुठवर, किती वेळा फिरवायची,
मी बाहेरून सांगत होते, ती आतून हसत होती,
"मासा साफ करण्यापेक्षा सोपं आहे हे!"

नव्वद मिनिटं.
मध्ये वीज गेली, आली.
ओग्वेनोनं कागद माझ्यासमोर पालथा ठेवला.
तेव्हाच समजले.

क्लॅमिडिया.
बिनबोभाट राहणारा भाडेकरू,
ना भांडण, ना आवाज,
आतल्या आत भिंती पोखरत बसलेला.

कसं सांगायचं?
म्हटलं, गोळी म्हणजे एका दाराचं कुलूप,
आणि घराला दारं बरीच.
"म्हणजे गोळी खोटी?"
खरी आहे. रेघ एकच आहे ना, ती तिच्यामुळेच.
"म्हणजे मी चुकले?"
याचं उत्तर कुठल्या तक्त्यात असतं?
मी नाही म्हटलं. माझं हे 'नाही' तरी खरं होतं.

सात दिवस औषध, सकाळ-संध्याकाळ.
सात दिवस कुणाजवळ जायचं नाही.
ती गप्प झाली.
मी पथ्य सांगितलं होतं,
तिनं ऐकलं, सात दिवस मासे नाहीत.
इथे होडीवाला पहिली टोपली कुणाला देतो
आणि कशाच्या बदल्यात,
ते किनाऱ्यावरच्या बगळ्यांनाही पाठ आहे.

त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून दिली.
नाव नाही, आजार नाही, फक्त आकडा: ४१७.
"हा घेऊन ये म्हणावं."
तिनं चार घड्या केल्या
आणि लेसोच्या टोकाला गाठ मारली.

तो आला नाही.

दुसऱ्या मंगळवारी नेरेआ आली, ४१७ घेऊन.
मग तिची सवत, तोंड फुगवून, ४१७ घेऊन.
मग पलीकडच्या किनाऱ्यावरची एक मुलगी,
एकोणीसचीही नसेल, धक्क्यावर नवी,
तिनं मुठीतून काढून दिला तोच कागद,
माझंच अक्षर, कडेला वाळकं खवलं चिकटलेलं.

कुणी दिला, मी विचारलं नाही.
कुणी सांगितलंही नाही.
प्रत्येकीनं बसताना तेवढं एकच वाक्य म्हटलं,
मला तसं काही होत नाही, पण.

त्या 'पण'साठी मी वहीत रकाना आखला,
पट्टी न लावता, वाकडा.

पाच आठवड्यांनी होडीवाला आला, हात हलवत.
एका मित्राला म्हणे विचारायचं होतं.
ताकाला आलेला भांडं लपवतो, तसा तो
दाराशी उभा, टोपी हातात चुरगाळत.
चिठ्ठी? नव्हती त्याच्याकडे.
ती अजून किनाऱ्यावर फिरत होती.

आत ये म्हटलं. मित्राचं वय काय?

काड्या उरल्यात सहा.
काल चिठ्ठी पुन्हा माझ्या टेबलावर आली,
घामानं मऊ, घडीवर फाटत आलेली,
चारचा पाय पुसट झालेला.
मी त्यावरून पेन फिरवलं
आणि परत दिली.